मऊ जमिनीची सुधारणा : सरासरीवर विसंबणे धोक्याचे

खाडीकाठी रस्ता, शाळा वा धक्का बांधावयाचा, तर आधी जमीन सिद्ध करावी लागते. कोकणातील खाड्यांच्या काठी समुद्री चिकणमातीचे थर आढळतात. या मातीत पाण्याचा अंश फार असतो. तीवर भराव पडला की आतील पाणी सावकाश बाहेर पडते व जमीन खचत जाते. या क्रियेची शास्त्रीय मांडणी कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली केली.

भराव आधीच रचून ठेवणे, निचऱ्यासाठी मातीत वाळूचे उभे स्तंभ घालणे, हे यावरील रूढ उपाय होत. परंतु जमीन सर्वत्र सारखी नसते. जुन्या प्रवाहाच्या बुजलेल्या पात्रात चिखलाचा थर जाड असतो, तर शेजारीच खडक उथळ लागतो.

समजा, एका जागी चिकणमाती ५ मीटर व दुसरीकडे १५ मीटर जाड आहे. सरासरी १० मीटर झाली. परंतु खचण्यास लागणारा काळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उभे स्तंभ नसल्यास, माती त्याच गुणाची असूनही, जाड थरास पातळ थराच्या नऊपट आणि सरासरीच्या सव्वादोनपट काळ लागेल. सरासरीवरून मुदत आखली, तर बांधकामानंतरही तो भाग खचत राहील. असमान खचण्यानेच भिंतींना तडे जातात.

जपानमधील कानसाई विमानतळ १९९४ साली खुला झाला. समुद्रातील त्या कृत्रिम बेटाखालच्या वरच्या मऊ थरात सुमारे १० लक्ष वालुकास्तंभ घातले होते. खोलवरचे थर मात्र उपायांच्या आवाक्याबाहेर होते. बेट अंदाजापेक्षा अधिक खचले. ते असमान खचणार, हे ओळखून इमारतीच्या खांबांखाली उचलयंत्रांची सोय केली होती. तिचाच पुढे आधार झाला.

यावरून धडा घ्यावयाचा तो असा : पुरेशी विंधनछिद्रे घेऊन जागेचे विभाग पाडावेत, प्रत्येक विभागास स्तंभांची खोली, भराव व मुदत वेगळी ठरवावी, काम चालू असता खचण्याची व मातीतील पाण्याच्या दाबाची मोजणी करून आराखडा सुधारावा. आराखड्यास संमती देण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी एवढेच विचारावे : छिद्रे किती घेतली, कोठे घेतली आणि त्यांत फरक किती आढळला? पाहणीवरील खर्च भिंती पाडून पुन्हा बांधण्याच्या खर्चापुढे अल्पच असतो.