पाकिटातला जीव सांभाळ

अगं, हरभरा पेरायच्या आधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. पेरणीच्या घाईत सगळ्यांचं लक्ष ट्रॅक्टर कधी येतो, वाफसा आहे का, याकडे. बियाण्याला शेवटचा हात लागतो तो तुझा. म्हणून तुलाच सांगते.

दुकानातून रायझोबियमचं पाकीट आणतेस ना, त्यात जिवंत जीवाणू असतात. पत्र्याखाली किंवा खताच्या पोत्याशेजारी पडून राहिलं की ते मरतात, आणि पाकीट बाहेरून आहे तसंच दिसतं. म्हणून वापरायची मुदत दुकानातच बघ आणि घरी आणलं की गार जागी ठेव. त्यावर हरभऱ्याचं नाव आहे का, तेही वाच. सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला लावू नकोस, कारण हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारा जीवाणूच वेगळा असतो. आपल्याकडे सोयाबीन काढून हरभरा घेतात, तेव्हा ही गल्लत पटकन होते.

आणखी एक. रायझोबियम लावलं म्हणजे उगवण वाढेलच, असं धरून चालू नकोस. त्याचं खरं काम पुढचं, गाठीत राहून हवेतलं नत्र झाडाला द्यायचं. उगवतानाच बी कुजतं किंवा कोवळं रोप कोलमडतं, ते बऱ्याचदा मातीतल्या बुरशीमुळे. तिथे उपयोगी पडतो ट्रायकोडर्मा. तीही बुरशीच, पण आपल्या बाजूची. मुळांभोवती वाढते आणि रोगाच्या बुरशीला हटवते. मर रोगाचं रान असेल तर ती चुकवूच नकोस. पण मेलेल्या बियात यातलं काहीच जीव घालत नाही. घरचं बियाणं असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेव. ८५ उगवले तर निर्धास्त पेर.

आता लावायचं कसं? लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळ आणि पूर्ण गार होऊ दे. कोमट राहिलं तरी जीवाणूंना सोसत नाही. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक रायझोबियमचं पाकीट. गुळाचं पाणी बेताबेतानं शिंपड. बी ओलसर व्हावं, भिजून फुगू नये. हलक्या हातानं चोळ, साल निघता कामा नये. सावलीत पसर आणि त्याच दिवशी पेर.

रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी लावून सुकू दे, जीवाणू अगदी शेवटी. बुरशीनाशकावर ट्रायकोडर्मा लावून बहुधा उपयोग नाही, अशी बरीच औषधं तिलाही मारतात. आणि जीवाणू लावलेलं बी खतात मिसळून पेरू नकोस, एवढं माझं ऐक.

महिनाभरानं दोन-चार झाडं कुदळीनं मातीसकट अलगद काढ. उपटलीस तर गाठी मातीतच राहतील. मुळं पाण्यात धू आणि एक गाठ नखानं फोड. आत गुलाबी-लाल दिसली तर ती नत्र देते आहे. मग घरचे युरियाचं पोतं आणायला निघाले तर त्यांना ती गाठ दाखव. वरून जास्त नत्र मिळालं की झाड गाठी धरायचं कमी करतं. आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर मला फोन कर, पाकीट कुठून आणलं होतं तिथपासून बघू.