नदीतल्या विषाणूंचे ऋतू

प्रश्न : आमची इमारत पुण्यात मुठेच्या काठावर आहे. एप्रिल-मेमध्ये वासामुळे खिडकी उघडवत नाही. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, की सगळे नदी बघायला गॅलरीत. परवा मुलीने विचारलं, "बाबा, या पाण्यात व्हायरस कधी जास्त असतात? उन्हाळ्यात की पावसाळ्यात?" ती सहावीत आहे. मला काही उत्तर देता आलं नाही.

उत्तर : मुलीला सांगा, प्रश्न अवघड आहे आणि त्यात बाबांची काही चूक नाही. अडचण अशी की 'व्हायरस' या एका नावाखाली नदीत दोन निराळ्या जमाती असतात. एक तिथली स्थायिक, दुसरी वाटसरू. दोघींची पंचांगं वेगळी.

स्थायिकांपासून सुरुवात करू. १९८९ साली नॉर्वेतल्या बर्गनच्या शास्त्रज्ञांनी समुद्राचं आणि तळ्यांचं पाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यातले विषाणू मोजले. एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत आकडा गेला. म्हणजे चहाच्या चमचाभर पाण्यात सव्वाशे कोटी. जवळपास भारताची लोकसंख्या. यातल्या बहुतेकांना तुमच्याआमच्याशी काही देणंघेणं नसतं. ते जिवाणूंवर जगतात, म्हणून त्यांना जिवाणूभक्षक किंवा फेज म्हणतात. जिवाणूच्या अंगाला चिकटायचं, आपली जनुकं आत सोडायची, आत शेकडो पिल्लं तयार झाली की जिवाणू फोडून बाहेर पडायचं.

या मंडळींचं पंचांग सरळ आहे. जिवाणू वाढले की ते वाढतात. जिवाणूंना ऊब आणि खाणं लागतं, आणि मेमधल्या मुठेत दोन्ही भरपूर, कारण तेव्हा पात्रातून वाहतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणी. पण नुसती डोकी मोजून भागत नाही, जातीही बदलतात. जिवाणूंची एखादी जात माजली की तिच्यावर जगणारे फेज फोफावतात, त्या जातीचा फडशा पाडतात, आणि रिकाम्या जागेवर दुसरीच जात पुढे येते. मग तिचे भक्षक. हे चक्र बारा महिने चालू असतं. हिवाळ्यात मंद, उन्हाळ्यात वेगात.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ढाक्याचं आहे. तिथे कॉलरा वर्षातून दोनदा उसळतो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. तिथल्या संशोधकांनी शहरातलं आणि आसपासचं नदी-तळ्यांचं पाणी जवळपास तीन वर्षं नेमाने तपासलं आणि २००५ साली निष्कर्ष छापले. पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू असत तेव्हा त्यांचे फेज सापडत नसत किंवा नगण्य असत. फेज वाढले की जिवाणू दिसेनासे होत आणि रुग्णही कमी होत. गंमत म्हणजे हे फेज रुग्णांच्याच पोटात वाढून पाण्यात येत होते. साथ पसरता पसरता स्वतःचा वैरीही पोसत होती.

आता वाटसरू. रोटा, नोरो, काविळीचे 'ए' आणि 'ई', पोलिओ ज्यांत मोडतो ते एंटेरोव्हायरस, अॅडिनो. हे आपल्या आतड्यातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत येतात. त्यांना वाढायला माणसाची पेशी लागते. नदीत ती नाही. म्हणून पाण्यात पडल्या दिवसापासून यांची संख्या घटतच जाते, वाढत कधीच नाही. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या : आत किती आले, किती वेगाने मेले, आणि किती पाण्यात विरळ झाले. तिन्ही ऋतूप्रमाणे हलतात आणि अनेकदा एकमेकांच्या उलट दिशेने, म्हणून हिशेब चिघळतो.

आत किती आले हे शहरात कोण आजारी आहे त्यावर ठरतं. रोटाव्हायरसचे जुलाब आपल्याकडे थंडीत जास्त. त्याची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. थंड देशांत नोरोव्हायरसला 'हिवाळी उलट्यांचा आजार' असंच नाव आहे. एंटेरोव्हायरस त्या देशांत उन्हाळ्यात आणि त्यानंतर वाढतात. अॅडिनोला मुहूर्त लागत नाही, तो बाराही महिने हजर.

मरण्याचा वेग ऊन आणि उष्णता ठरवतात. सूर्याचे अतिनील किरण विषाणूची जनुकं मोडतात, कोमट पाणी त्याचं कवच खिळखिळं करतं. डिसेंबरच्या गार पाण्यात तोच विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. मात्र ऊन पाण्यात शिरायला पाणी नितळ हवं. काळ्या पाण्यात किरण दोन-चार बोटांपलीकडे जात नाहीत, आणि वर जलपर्णीची चादर पसरली की तेवढेही नाहीत. शिवाय विषाणू गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात आणि तिथे सावलीत सुखाने पडून राहतात. उन्हाळा त्यांना मारतो हे खरं, पण आपण नदीची जी अवस्था करून ठेवली आहे तिच्यात त्याचे हात बांधलेले असतात.

राहिलं पाणी. इथे एक पेच आहे. समजा, जूनमध्ये नमुन्यात रोटाव्हायरस निम्मा झाला. पोरं बरी झाली म्हणून, की नदीला पाणी वाढलं म्हणून? हे ओळखायला एक मापदंड लागतो. शहरातून रोज साधारण तेवढाच येणारा, साथीबिथीशी संबंध नसलेला विषाणू हवा. तो सापडला कुठे, तर मिरचीत. ढोबळी आणि तिखट मिरचीच्या पानांवर फिकट चट्टे पाडणारा एक विषाणू आहे, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. २००६ साली माणसाच्या विष्ठेतल्या आरएनए विषाणूंची पाहणी झाली तेव्हा सर्वांत जास्त हाच निघाला. मिरची पूड होते, सॉस होतो, ठेचा होतो, पण हा विषाणू खलबत्त्याला आणि आपल्या जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. आपल्याला त्याचा त्रास नाही. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. मिरची आपण श्रावणातही सोडत नाही, त्यामुळे त्याची आवक वर्षभर फारशी हलत नाही. नदीत तो निम्मा झाला असेल तर समजायचं की पाणी वाढलंय. तो तेवढाच राहिला आणि रोटा घसरला, तर पोरं खरंच बरी झालीत. पुणेकरांच्या मिसळीचा शास्त्राला असाही उपयोग.

शहराच्या सांडपाण्यावरून शहराची तब्येत ओळखण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे. मुंबईच्या सांडपाण्यात २००१ पासून पोलिओचा शोध घेतला जातो. मूळ, म्हणजे लसीतून न आलेला पोलिओ विषाणू देशातल्या सांडपाण्यात शेवटचा सापडला तो तिथेच, नोव्हेंबर २०१० मध्ये. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला. करोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही याच वाटेने शहराचा अंदाज घेतला.

तर मुलीला काय सांगाल? एकूण विषाणू मोजले तर उन्हाळा. माणसाला बाधणारे मोजले तर दोन काळ मला जास्त धोक्याचे वाटतात. पहिला, वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरी. तेव्हा नागझरी, आंबिल ओढ्यासारखे नाले आठ महिन्यांचा गाळ ढवळून एका दमात नदीत ओततात आणि धरणातून पाणी मात्र सुटलेलं नसतं. दुसरा, डिसेंबर-जानेवारी. पाणी कमी, गार, आणि घरोघरी पोटं बिघडलेली. ऑगस्टमधलं चहाच्या रंगाचं फोफावतं पाणी दिसायला भयंकर, पण विषाणूंच्या दृष्टीने पेलाभर पाण्यात ते सगळ्यात विरळ. अर्थात त्यात उतरलात तर विषाणूच्या आधी नदीच घेऊन जाईल.

प्रश्न : नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. मग नदीत कुठल्या ऋतूत काय आहे याची चिंता सामान्य माणसाने का करावी? (इचलकरंजीहून)

उत्तर : तुमच्या गावाने हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटलं. २०१२ च्या उन्हाळ्यातली काविळीची साथ तिथे अजून कुणी विसरलं नसेल. पण त्याहून जुनी हकीकत सांगतो, कारण तिच्यात ऋतूचा हात स्पष्ट दिसतो.

१९५५ चा पावसाळा दिल्लीत जोरदार झाला. यमुनेला पूर आला, ओसरला, आणि ओसरताना नदीने आपला प्रवाह बदलला. वजिराबादला शहरासाठी पाणी उचलण्याची जागा होती. तिच्या जरा खाली नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. प्रवाह लांब सरकल्यामुळे नोव्हेंबरमध्ये नाल्याचं पाणी उलटं फिरून थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. कर्मचाऱ्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्या दिवसांत टायफॉइड वाढला नाही, हगवण वाढली नाही. सगळं निभावलं असं वाटलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली पिवळी पडली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

क्लोरीनने जिवाणू मेले, पण विषाणू त्या मात्रेला पुरून उरला. त्याचं नाव कळायला पुढे पाव शतकाहून जास्त काळ गेला. १९८३ साली मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दाखवला. तोच हिपॅटायटिस 'ई', गरोदर बायकांना विशेष घातक. दिल्लीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते म्हणून १९५५ चा गुन्हेगार मागाहून ठरवता आला.

लक्षात घ्या, दिल्लीत पाऊस संपल्यावर दोन महिन्यांनी साथ आली, इचलकरंजीत ऐन उन्हाळ्यात. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गियाँ-बारे (जीबी) सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले ते २०२५ च्या जानेवारीत. त्यांच्या शौचाच्या नमुन्यांत मुख्यतः कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. 'पाणी उकळून प्या' ही सूचना आपण फक्त पावसाळ्यात ऐकतो. एरवीही ऐकायला हवी.

प्रश्न : गंगेच्या पाण्यात जंतू खाणारे विषाणू आहेत म्हणून ते नासत नाही, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू झपाट्याने मरतात. फेजचा शोध तेव्हा लागायचा होता; तो १९१५ ते १९१७ मध्ये ट्वॉर्ट आणि द'हेरेल यांनी लावला. पुढे लोकांनी हँकिनच्या निरीक्षणाला फेजचं श्रेय चिकटवलं. हँकिन स्वतः मात्र पाण्यात उडून जाणारा काहीतरी पदार्थ आहे असं म्हणत होते. फेज उकळल्यावर मरतात, त्यामुळे भांडं उघडं ठेवून उकळलं काय नि झाकून उकळलं काय, परिणाम एकच असायला हवा होता. त्यांच्या प्रयोगात तो एकच नव्हता.

गंगेत फेज आहेत, यात वाद नाही. मुठेतही आहेत, मिठीतही आहेत. जिथे मैला तिथे आतड्यातले जिवाणू, आणि जिथे ते तिथे त्यांचे भक्षक. म्हणून तर पाण्यात मैला मिसळलाय का हे बघायला प्रयोगशाळेत ई-कोलायवरचे फेज मोजतात. त्यांची रेलचेल ही पाणी घाण असल्याची खूण आहे. शिवाय कॉलऱ्यावरचा फेज काविळीच्या विषाणूला हातही लावत नाही. आणि हँकिनच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली : कॉलऱ्याच्या जिवाणूकडे जे विष आहे, त्याचं जनुक त्याला दिलं तेही एका फेजनेच.

प्रश्न : गणपती विसर्जनाला मुलं गुडघाभर पाण्यात उतरतात. उतरू द्यावं का?

उत्तर : घाटावर हौद ठेवलेला असेल तर नदीत उतरूच देऊ नका. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. उतरलीच तर प्रसादाची खिरापत हातात देण्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावा. खिशातल्या सॅनिटायझरवर भागवू नका. नोरोव्हायरसवर त्यातल्या अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही.