पाणी मऊ कीं कठीण?

पाणी मऊ असतें, असें आपण सहज म्हणतों. परंतु तळहात पसरून हौदांतल्या पाण्यावर आपटला, तर तो चुरचुरतो. तोच कडेनें घातला, तर अलगद आंत शिरतो. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पाणी एकच, मग हा भेद कां? पाणी वाट देतें खरें, पण बाजूस सरण्यास त्याला वेळ लागतो. पसरलेला हात एकाच क्षणीं पुष्कळ पाण्याला हलावयास लावितो, आणि तें पाणी आपल्या जडत्वानें त्यास अडवितें.

खवळलेल्या समुद्रांत जहाजाची नाळ, म्हणजे पुढील टोक, लाटेवर उचलली जाते आणि मग खालीं आदळते. अशा आघाताचें गणित थिओडोर फॉन कारमान यांनीं १९२९ सालीं, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठीं मांडलें. आदळणारी वस्तु आपला संवेग खालच्या पाण्याबरोबर वांटून घेते, ही त्यांतील मुख्य कल्पना. हलविलेल्या पाण्याचें वस्तुमान त्या वस्तूइतकें झालें, कीं तिचा वेग निम्मा होतो. तळ पाचरीसारखा निमुळता असेल, तर हें क्रमाक्रमानें घडतें. सपाट असेल, तर क्षणार्धांत घडतें, म्हणून धक्का भयंकर बसतो. १९३२ सालीं हर्बर्ट वाग्नर यांनीं बाजूंस उसळून चढणारें पाणीही हिशेबांत धरलें.

येथवर आम्ही जहाज न वांकणारें मानिलें. वस्तुतः पोलादी पत्रा धक्क्यानें वांकतो. तो वांकला कीं पाण्याचा दाब बदलतो, आणि दाब बदलला कीं पत्र्याचा वांकही बदलतो. एकाचें उत्तर दुसऱ्यावाचून निघत नाहीं. म्हणून आज संगणक काळाचे अति सूक्ष्म तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्यांत प्रथम दाब, मग वांक, पुन्हां दाब, असा दोहोंचा मेळ बसेपर्यंत हिशेब करीत राहतो.

हा केवळ वहींतला हिशेब नव्हे. टालिनहून स्टॉकहोमला जाणाऱ्या 'एस्टोनिया' जहाजाच्या नाळेवर उघडझांप करणारें मोठें झांकण होतें. लाटांच्या आघातांनीं त्याच्या कड्या तुटल्या, झांकण निखळलें, आणि गाड्या ठेवण्याच्या मजल्यांत पाणी घुसलें. २८ सप्टेंबर १९९४ रोजीं, पहांट होण्यापूर्वींच, तें जहाज बाल्टिक समुद्रांत बुडालें व ८५२ माणसें मृत्यु पावलीं. त्या कड्या तसल्या लाटांपुढें दुबळ्या होत्या, असें चौकशींत ठरलें.

तुफानांत वेग कमी करणें कप्तानाच्या हातीं असतें. पण नाळ किती आघात सोसेल, हें आधींच सांगणें गणित जाणणाऱ्यांचें काम आहे. संवेगाचा धडा वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.