दुखापत, पुनर्वसन आणि शारीरिक क्षमता : सांगली जिल्ह्यातील दोन उदाहरणे

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत अभ्यासाचे वेळापत्रक जितके महत्त्वाचे, तितकीच अनेक पदांसाठी शारीरिक क्षमताही महत्त्वाची असते. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना 1600 मीटर, तर महिला उमेदवारांना 800 मीटर धावावे लागते. त्याखेरीज 100 मीटर धावणे व गोळाफेक या चाचण्या असतात. भरतीची जाहिरात निघाल्यानंतर घाईने सराव सुरू करणाऱ्या उमेदवारांपैकी अनेकांच्या वाट्याला नडगीचे दुखणे, मुरगळलेला घोटा किंवा दुखावलेला खांदा येतो. अशा वेळी दोन चुका संभवतात. एक म्हणजे दुखणे अंगावर काढून सराव चालू ठेवणे आणि दुसरी म्हणजे सर्व काही संपले असे मानून सराव कायमचा सोडणे. या दोहोंमधला मार्ग म्हणजे पुनर्वसन. ही केवळ वैद्यकीय बाब नसून मनुष्यबळ विकासाचा तो एक महत्त्वाचा घटक आहे.

मुरलीकांत पेटकर : उपचारातून सुवर्णपदकाकडे

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यात होते आणि मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी नाव मिळवले होते. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. मणक्याला झालेल्या इजेमुळे शरीराचा खालचा भाग लुळा पडला आणि मुष्टियुद्धाचा मार्ग बंद झाला. मुंबईतील 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेथे पोहणे हा त्यांच्या उपचाराचाच एक भाग होता.

या निवडीमागे साधे शास्त्र आहे. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे शरीराचे वजन हलके भासते. छातीइतक्या पाण्यात उभे राहिल्यास पायांवर येणारा भार जमिनीवरील भाराच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. त्यामुळे सांध्यांना धक्का न बसता हृदय, फुप्फुसे व स्नायू यांना व्यायाम मिळतो. पक्षाघात झालेल्या व्यक्तीला खांदे व हात यांच्या बळावर पाण्यात स्वतंत्रपणे हालचाल करता येते.

1968 साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पेटकर टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, 1972 साली, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर मुक्तशैली जलतरणात 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. युद्धातील दुखापत आणि हे पदक यांत सात वर्षांचे अंतर होते. त्यांना पद्मश्री मिळण्यास मात्र 2018 साल उजाडले. 2024 या वर्षासाठीचा जीवनगौरव अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये त्यांना प्रदान करण्यात आला. व्यक्तीने दुखापतीवर मात केली तरी समाजाने त्याची दखल घेण्यास किती काळ लागू शकतो, हेही या उदाहरणावरून दिसते.

सचिन खिलारी : बदललेला क्रीडाप्रकार

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणी गावचे आहे. सचिन खिलारी यांना शालेय वयात सायकल अपघातात हाताला गंभीर दुखापत झाली आणि त्या हाताची क्षमता कायमची कमी झाली. पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते भालाफेकीकडे वळले, परंतु खांद्याच्या दुखापतीने तेथेही अडथळा आणला. त्यांनी खेळ सोडला नाही, तर क्रीडाप्रकार बदलला व गोळाफेक स्वीकारली. 2023 आणि 2024 अशा लागोपाठ दोन जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. सप्टेंबर 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-46 गटात 16.32 मीटर अंतरावर गोळा फेकून ते रौप्यपदकाचे मानकरी ठरले. विशेष म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ते मार्गदर्शनही करीत आले आहेत.

दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. दुखापतीने एक मार्ग बंद केला, तेव्हा शरीराच्या उरलेल्या क्षमतेचा शोध घेण्यात आला आणि त्या क्षमतेवर अनेक वर्षे काम झाले.

दुखापत भरून येण्याचे टप्पे

दुखापतींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पाय मुरगळणे, स्नायू फाटणे, हाड मोडणे या आकस्मिक दुखापती होत. नडगीचे दुखणे, कंडरेचा दाह, हाडाला पडणारी सूक्ष्म चीर या अतिभाराच्या दुखापती होत. सरावाचा भार शरीराच्या जुळवून घेण्याच्या वेगापेक्षा जलद वाढला की दुसऱ्या प्रकारच्या दुखापती उद्भवतात.

इजा झालेली ऊती तीन टप्प्यांत भरून येते. पहिल्या काही दिवसांत सूज, उष्णता व वेदना असते. हा दाहाचा टप्पा. त्यानंतरच्या काही आठवड्यांत नवे तंतू तयार होतात. अखेरच्या टप्प्यात हे तंतू भाराच्या दिशेने रचले जाऊन बळकट होतात आणि त्यास कित्येक महिने लागू शकतात. स्नायूंना रक्तपुरवठा मुबलक असल्याने ते तुलनेने लवकर बरे होतात. कंडरा व अस्थिबंध यांना मात्र अधिक वेळ लागतो. वेदना थांबली म्हणजे ऊती पूर्ण बळकट झाली असे नव्हे. घाईने मैदानात परतलेल्यांना तीच दुखापत पुन्हा होते, त्याचे कारण हेच.

प्रथमोपचाराविषयीचे मतही काळानुसार बदलले आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व अवयव उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केले. पुढे त्यांनीच आपले मत सुधारले व बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांचा अतिरेक बरे होण्यास विलंब लावू शकतो असे मांडले. आज सुरुवातीचे काही दिवस संरक्षण आणि त्यानंतर वेदनेच्या मर्यादेत क्रमाक्रमाने हालचाल, यावर भर दिला जातो.

मैदानात परतताना

उमेदवारांनी पुढील बाबी ध्यानात ठेवणे हिताचे ठरते :

1. पायावर भार देता न येणे, अवयव वाकडा दिसणे, बधिरता, हाडावरील एकाच बिंदूवर टोचणारी किंवा रात्रीही न थांबणारी वेदना, ही लक्षणे असल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. अशा अवस्थेत चोळणे वा ओढून हाड 'बसविणे' धोक्याचे आहे.
2. एक अवयव दुखावला म्हणून संपूर्ण शरीर निष्क्रिय ठेवू नये. सराव पूर्ण थांबल्यास दोनेक आठवड्यांतच दमश्वास घटू लागतो. स्नायूंची ताकद त्या मानाने अधिक काळ टिकते. म्हणून पोहणे, स्थिर सायकल किंवा शरीराच्या निरोगी भागाचा व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू ठेवावा.
3. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. वेदना ही सूचना आहे. ती दडपल्यास इजा वाढते.
4. पुन्हा धावण्यास सुरुवात करताना आधी चालणे, मग चालणे व धावणे आलटून पालटून, असा क्रम ठेवावा. अंतर, वेग व सरावाचे दिवस यांपैकी एका वेळी एकच बाब वाढवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना वाढलेली आढळल्यास एक पायरी मागे यावे.
5. सराव, झोप व वेदना यांची रोज नोंद ठेवावी.

शेवटची बाब वरकरणी किरकोळ वाटते. परंतु पद्धतशीर नोंद हा उपचाराचा पाया आहे. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे (1777-1832) यांच्या धन्वंतरी महालात औषधांची निर्मिती व संशोधन चाले. त्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. कोणत्या दिवशी काय आढळले हे लिहून ठेवले, तरच उपचाराचा परिणाम पडताळून पाहता येतो. उमेदवाराच्या सराववहीलाही हेच लागू पडते.

धोरण व संस्था

खेळाद्वारे पुनर्वसन ही कल्पना ब्रिटनमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी रुजवली. 29 जुलै 1948 रोजी, म्हणजे लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्यांनी मणक्याची दुखापत झालेल्या माजी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. त्यातूनच 1960 साली रोम येथे पहिले पॅरालिम्पिक झाले.

भारतात पुण्याजवळील खडकी येथे 1974 पासून सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण 3 वरून 4 टक्के केले. कलम 27 पुनर्वसनाशी, तर कलम 30 क्रीडाविषयक उपक्रमांशी संबंधित आहे. पहिली खेलो इंडिया पॅरा स्पर्धा डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीत झाली. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने 7 सुवर्ण, 9 रौप्य व 13 कांस्य अशी 29 पदके मिळवली.

पदकांची ही वाढ उत्साहवर्धक आहे. तथापि, तालुका पातळीवरील धावपटूला किंवा भरतीच्या उमेदवाराला प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्ला वेळेवर मिळणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. पेटकर यांना रुग्णालय, जलतरण तलाव आणि सात वर्षांचा अवधी मिळाला. बहुसंख्य तरुणांना भरतीच्या दोन जाहिरातींमधला काळच मिळतो. त्या काळाचा काही भाग बरे होण्यासाठी राखून ठेवणे म्हणजे माघार नव्हे. तोही तयारीचाच भाग होय.

सरावासाठी प्रश्न

1. आकस्मिक व अतिभाराच्या दुखापतींमधील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
2. 'पुनर्वसन ही मनुष्यबळ विकासातील गुंतवणूक आहे.' मुरलीकांत पेटकर यांच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.
3. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील पुनर्वसन व क्रीडाविषयक तरतुदींचे महत्त्व सांगा.