हाताला काय करायला लावलं?

चि. ऋत्विक,



कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तू लिहिलेली व्हिडिओ गेमची परीक्षणं सावकाश वाचली. भाषा स्वच्छ आहे, उत्साह खरा आहे, आणि एकाच जातीचे गेम न घेता तू चहूकडून निवड केलीस, हे मला विशेष आवडलं. पण सगळ्या लेखांचा साचा एकच आहे: आधी ग्राफिक्स, मग कथा, मग संगीत, मग किती तास पुरतो, आणि शेवटी दहापैकी गुण. एवढं वाचूनही खेळणारा तिथे नेमकं करत काय होता, ते कळत नाही. चित्र, कथा, संगीत सिनेमातही असतं. गेममध्ये वेगळं असतं ते हे, की समोरचं जग आपल्या कृतीला उत्तर देतं आणि ते उत्तर नियमांनी बांधलेलं असतं. नियम आपल्याला काय करायला भाग पाडतात, कशाचं बक्षीस देतात, कशाची शिक्षा करतात आणि काय करूच देत नाहीत, यातून गेम बोलतो. त्याच्याबद्दलचं मत तिथूनच सुरू व्हायला हवं. कथा त्या बोलण्याला दुजोरा देते किंवा त्याच्याशी भांडते, पण त्याची जागा घेत नाही. हे माझं ठाम मत आहे आणि ते तुला पटवून देण्यासाठीच हे पत्र.

कथेशिवाय नियम बोलू शकतात, याचा जुना पुरावा आपल्या घराघरांत होता. ‘व्यापार’ नावाचा पट ज्या ‘मोनोपॉली’वरून आला, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट 1904 सालचं. हेन्री जॉर्ज यांच्या जमीनविषयक अर्थविचारांनी त्या भारलेल्या होत्या आणि जमिनीची मक्तेदारी बाकीच्यांना कशी कंगाल करते, हे त्यांना खेळातून दाखवायचं होतं. पार्कर ब्रदर्सनी 1935 मध्ये मोनोपॉली बाजारात आणली तेव्हा त्यातला इशारा गळून गेला आणि इतरांना दिवाळखोर करणं हीच मजा उरली. तरी भाडं वाढत जाणं, श्रीमंताचं आणखी श्रीमंत होणं, मागे पडलेल्याला वर यायला वाट नसणं, हे सगळं जसंच्या तसं राहिलं. पटावर अटलांटिक सिटीचे रस्ते असोत की मुंबईचे भाग, शेवटच्या अर्ध्या तासात हरणाऱ्याला जी घुसमट होते ती नियमांतून येते.

आता तुझ्या यादीतला ‘पेपर्स, प्लीज’ घे. लुकास पोप यांनी 2013 मध्ये केलेल्या या गेमला तू ‘ग्राफिक्स जुनाट, पण कल्पना वेगळी’ म्हणून चार ओळींत संपवलं आहेस, आणि हा तुझ्या निवडीतला सर्वांत श्रीमंत गेम आहे. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तू तपासनीस आहेस. साल 1982. माणसं एकेक करून येतात, कागद पुढे सरकवतात, तू ते जुळवून शिक्का मारतोस. पैसे मिळतात ते किती माणसं नीट हातावेगळी केलीस त्यावर. संध्याकाळी त्या पैशांतून घरभाडं, अन्न, घर उबदार ठेवायचा खर्च, आणि कुणी आजारी पडलं तर औषध. दिवसेंदिवस नियमांची भर पडते: आज परवाना, उद्या कामाचा दाखला, परवा आणखी काही. टेबल मुद्दाम लहान ठेवलेलं आहे, कागद एकमेकांवर चढतात, हात अडखळतो. मग एका माणसाचे कागद बरोबर निघतात आणि त्याच्यामागून येणाऱ्या बायकोचे अपुरे. ती गयावया करते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापला जातो. म्हणजे रोज दोनदा दयाळू होणं परवडतं. आणि त्या दोन संधी आधीच निष्काळजीपणात गेल्या असतील तर त्या बाईच्या आड तुझ्या मुलाचं औषध उभं राहतं. जुलमी राज्यात साधी माणसं निर्दय कशी होतात, यावर पुष्कळ ग्रंथ आहेत. इथे तो निर्दयपणा तुझ्याच हाताला सवय म्हणून लागतो. बोलणाऱ्या माणसाकडे न पाहता तू तारखा तपासू लागतोस, कारण घड्याळ चालू असतं. परीक्षणात सांगायला हवं होतं ते हे. आणि ते धूसर, ओबडधोबड चित्रणही याच कामाला येतं, कारण चेहरे पुरते माणसांचे वाटत नाहीत आणि घाईत तपासनिसाला ते तसेच दिसतात.

नियम आणि कथा एकमेकांशी भांडतात तेव्हा टीकाकाराची खरी परीक्षा होते. ‘बायोशॉक’ 2007 मध्ये आला आणि त्याच्या कथेचं सर्वत्र कौतुक झालं. त्याच वर्षी क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकारानं त्यावर टीका लिहिली. त्याचा मुद्दा साधा होता: स्वार्थी व्हायचं की नाही, याची निवड नियम तुला देतात, पण अ‍ॅटलस नावाच्या माणसाला मदत करायची की नाही, ही निवड कथा देत नाही. त्यामुळे स्वार्थाच्या तत्त्वज्ञानावर भाष्य करू पाहणारा गेम स्वतःशीच विसंगत होतो. ही टीका गाजली ती बोट नेमक्या जागी ठेवल्यामुळे. त्याच कसोटीवर 2012 चा ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ लाव. दुबईतल्या एका प्रसंगात पांढऱ्या फॉस्फरसचा मारा केल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही, आणि मारा झाल्यावर जळलेल्या निरपराध माणसांचं पाप तो तुझ्या माथी मारतो. अनेकांना हा युद्धखोर गेमवरचा धाडसी प्रहार वाटला. मला तो अर्धाच साधलेला वाटतो. जी गोष्ट टाळायचा मार्गच नव्हता, तिचा दोष खेळणाऱ्याला दिला तर तो ‘मग मी काय करणार होतो?’ म्हणून मोकळा होतो.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्येही निवड नाही, असं तू म्हणशील. बरोबर आहे. फुमितो उएदा यांच्या 2005 च्या या गेममध्ये मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी सोळा महाकाय प्राण्यांना मारायचं असतं आणि त्याला दुसरा मार्ग नाही. तरी इथला अपराध खरा वाटतो, कारण गेम तुला दोष देत नाही, फक्त काम करायला लावतो. विराण प्रदेशात दुसरा शत्रू नाही, लांब घोडदौड आहे, विचाराला वेळ आहे. प्राण्याच्या केसाळ अंगाला लटकून राहण्यासाठी बटण दाबूनच धरावं लागतं, तो अंग झटकतो, आणि तुझी पकड सुटेपर्यंत शक्तीचं वर्तुळ आटत जातं. वाळवंटावरून उडणारा तेरावा प्राणी तर तुझ्यावर हल्लाही करत नाही. तोही पडतो, आणि विजयाच्या जागी शोकाचे सूर ऐकू येतात. दोन्ही गेमना एकच गोष्ट सांगायची आहे. एक ती भाषणातून सांगतो, दुसरा बोटांतून. हा फरक शब्दांत पकडता आला, तर दहापैकी किती, हा प्रश्नच मागे पडेल.

नियमांतून गेम बोलतो, या मतावर मोठा आक्षेप रॉजर ईबर्ट या नामवंत चित्रपट-समीक्षकानं 2010 मध्ये घेतला होता. गेममध्ये नियम असतात, गुण असतात, जिंकणं असतं, म्हणून तो कला होऊ शकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी त्यानं हेही मान्य केलं, की गेम न खेळता असं विधान करायला नको होतं. पण त्याच्या आक्षेपातला कणखर भाग बाजूला सारू नकोस. नियमांमुळे अनुभव आकसतो, ही भीती खरी आहे आणि बहुतेक गेम ती खरी करून दाखवतात. उत्तर एवढंच, की नियमांना फक्त हारजीत मोजता येते असं नाही. ‘टेट्रिस’ बघ. अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत तो रचला तेव्हा त्यात फक्त सात आकार होते. बरोबर बसलेली ओळ नाहीशी होते आणि डोळ्यांसमोर उरते ती राहून गेलेल्या फटींची रास. गोष्टीचा एक शब्द नसताना त्यातून जी अस्वस्थता येते, ती दुसऱ्या माध्यमात आणून दाखवणं कठीण आहे.

दुसरा आक्षेप तुझ्याच वयाची मुलं घेतील: आवड ज्याची त्याची, मग पुरावा कशाला? आवडीला पुरावा लागत नाही, मताला लागतो. ‘सिव्हिलायझेशन’बद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की 1991 च्या पहिल्या गेममध्ये गांधींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन एकदम कमाल होत असे आणि ते अणुबाँब टाकत सुटत. सिड मायर यांनी 2020 च्या आत्मचरित्रात ते नाकारलं. तशी चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. तुझ्या लेखातही ती दंतकथा वस्तुस्थिती म्हणून आली आहे, ती काढून टाक. तिच्यामुळे गांधींबद्दलचा खरा प्रश्न झाकला जातो. त्या गेममध्ये पूर्ण विजयाचे मार्ग दोन: सगळ्यांना जिंकणं, नाहीतर अल्फा सेंटॉरीपर्यंत यान पोचवणं. भारत गांधींच्या हाती दिला, तरी त्यांनी शहरं वाढवायची, शोधांची ठरावीक शिडी चढायची आणि शेजाऱ्याच्या पुढे राहायचं. गरजा आवरणारं, आपल्यापुरतं नांदणारं गाव म्हणजे यश, असं म्हणायची सोय नियमांत नाही. इतिहास म्हणजे वाढ, ही एका विशिष्ट जगाची समजूत तिथे निसर्गनियमासारखी मांडली आहे. गेम अतिशय मोहक आहे, म्हणूनच हे सांगणं गरजेचं.

‘अवघड म्हणून उत्तम’ हा तुझा निकषही सोडून दे. ‘डार्क सोल्स’ आणि ‘सेलेस्ट’ दोन्ही अवघड आहेत, पण अपयशाशी दोघांचं वागणं उलट आहे. पहिल्यात मरण आलं की जमवलेलं सगळं चलन तिथेच पडतं, परत घ्यायला एकच संधी मिळते आणि वाटेत पुन्हा मेलास तर ते कायमचं गेलं. गमावण्याची भीती हाच त्याचा गाभा. ‘सेलेस्ट’मध्ये पडलास की क्षणात त्याच ठिकाणी पुन्हा उभा, मनाच्या घालमेलीशी झगडत डोंगर चढणाऱ्या मुलीच्या गोष्टीला ते शोभतं. तिथे वेग कमी करायची, न मरण्याचीही सोय दिली आहे, आणि त्यानं गेमचं काही बिघडत नाही. तीच सोय ‘डार्क सोल्स’मध्ये आणली तर त्याचा गाभा विरघळेल. प्रत्येक गेमला सोपा पर्याय हवाच किंवा नकोच, असा एकच कायदा करणारे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात.

घरातल्या मोठ्यांचा आक्षेप मात्र गंभीरपणे घे. ‘हे व्यसन आहे,’ असं ते म्हणतात आणि 2020 मध्ये पबजी मोबाइलवर आलेल्या बंदीचा दाखला देतात. सरकारनं त्या बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व दिलं होतं, खेळाचा दर्जा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आपल्या वर्गीकरणात जागा दिली, ती स्वतःवरचा ताबा सुटणं आणि नुकसान होऊनही न थांबणं या खुणांवरून. तो विकार खरा आहे, आणि इथेही नियम वाचता आले तर मोठ्यांना नेमकं उत्तर देता येईल. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव मिळतात, संपले की एकेक परत यायला अर्धा तास, आणि थांबायचं नसेल तर पैसे मोज. हा नियम खेळाची खोली वाढवत नाही. तुझी अधीरता तयार करून तुलाच विकतो. पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, अशा काही रचनांना बेल्जियमनं 2018 मध्ये जुगार ठरवलं. आपल्याकडे 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. कायदा पैशाची देवघेव पकडतो. अधीरतेचा धंदा पकडणं हे तुझ्यासारख्यांचं काम, आणि आवडत्या गेममध्ये तो दिसला तरी तो लिहिला पाहिजे.

राहिला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये तो आणला, म्हणून तू त्याच्याबद्दल हात राखून लिहिलं आहेस. आपलेपणाची ही सवलत त्या मंडळींचा अपमान आहे, कारण त्यांनी जगभरच्या खेळणाऱ्यांसमोर काम ठेवलं. महालांची वास्तू, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा, विष्णू आणि दुर्गा यांचं निवेदन, यांची तारीफ तू केलीस आणि ती रास्त आहे. पण राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे, हे तुझ्या लेखात एकदाही कामाला येत नाही. खांबाभोवती गिरकी घेऊन किंवा भिंतीवर पाय देऊन ती राक्षसांवर झेपावते तेव्हा तिचा पेशा, तिचं वय आणि तिची हिंमत एका हालचालीत येतात. त्या क्षणी हा गेम दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. बंद चौकात उभं राहून त्रिशूळ फिरवत राहावं लागतं तेव्हा तो इतर पन्नास गेमसारखा होतो. असे चौक किती वेळा येतात, त्यांत कसरतीला वाव कुठे ठेवला आहे आणि कुठे काढून घेतला आहे, हे पुन्हा खेळून टिपून ठेव. संपादकांची मुदत अजून आहे. तेवढा परिच्छेद नव्यानं लिहून आधी मला पाठव.

तुझी,
मावशी