लेखकाचा सूर आणि तो सांगणारे शब्द

गद्य उताऱ्याखाली 'लेखकाचा सूर कोणता, ते सांगा' असा प्रश्न घातला म्हणजे बहुतेक उत्तरपत्रिकांतून 'लेखकाने सुंदर भाषेत वर्णन केले आहे' हे एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत वाचावयास मिळते. उतारा समजलेला नसतो असे नव्हे; समजलेले सांगावयास शब्द नसतो. सांगलीच्या पेठेतील हळदीचा व्यापारी 'माल छान आहे' एवढ्यावर सौदा करीत नाही. तो हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मग बोलतो. वाङ्मयाच्या बाबतीत आपण मात्र पोते न उघडताच भाव सांगून मोकळे होतो.

सूर म्हणजे विषय नव्हे. विषयाकडे आणि वाचकाकडे लेखक ज्या मनाने पाहतो, ते मन शब्दांतून ऐकू येते. तोच त्याचा सूर. उशिरा घरी आलेल्या मुलास आई 'आलात का राजे?' असे म्हणते, तेव्हा आपणांस राज्य मिळाले असे कोणताही मुलगा समजत नाही. कान हे काम आपोआप करतात. कागदास आवाज नसल्यामुळे तेथे डोळ्यांस हे काम शिकवावे लागते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी रसांची नावे दिली आहेत. भरतमुनींनी ८ सांगितले, पुढे शांतरस धरून ते ९ झाले. परंतु रसाचा आस्वाद घेणारा रसिक असतो आणि सूर हा लेखकाचा. शिवाय नुसते 'हास्यरस' म्हटल्याने लेखक कोणास, कशासाठी आणि किती मायेने हसत आहे, हे कळत नाही. मराठीत हसण्याच्याच किती जाती आहेत पहा! निर्मळ विनोदाने कोणास जखम होत नाही. थट्टा आपल्या माणसाची करावी. मिस्किल मनुष्य ओठ न हलवता हसतो. उपहासात समोरच्यास खाली पाडण्याचा हेतू उघड असतो, आणि कुचेष्टेत तो हेतू हीनही असतो. उपरोधात शब्द एक बोलतात व अर्थ उलटा निघतो.

कृष्णा व वारणा यांच्या संगमावरील हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हातारपणी बाशिंग बांधावयास निघालेला भुजंगनाथ व पैशासाठी त्यास मुलगी देऊ पाहणारा कांचनभट यांकडे देवल उपहासाने पाहतात, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. तोच लेखक शारदेकडे वळला की करुणेने भरून येतो. हसू जितके मोठे, तितके तिचे दुःख अधिक बोचते. हे नाटक नुसते 'विनोदी' किंवा नुसते 'करुण' आहे असे लिहिणाऱ्यास मी अर्धेच गुण देतो.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण याहून शिकवणारे आहे. १८८२ साली टिळकांसह त्यांना तुरुंगवास घडला; त्यावर त्यांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. विषय तुरुंगाचा, सूर मात्र पुष्कळदा खेळकर! पुढे १८८८ साली निघालेल्या 'सुधारक' पत्रात रूढींविषयी लिहिताना त्यांचा उपरोध जहाल होतो. तरी त्याच्या तळाशी कळकळ आहे. ती काढून घेतली तर उरतो तो खवचटपणा.

हा भेद मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने तीन ओळींचा निबंध आणून दिला. मी लाल शाईने खाली लिहिले, 'वा! फारच परिश्रम घेतलेले दिसतात.' चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. माण तालुक्यातून कामासाठी आलेला तो गृहस्थ वही छातीशी धरून म्हणाला, "गुरुजी, तुमचं लिवल्यालं समद्या आळीला दावलं बघा. पोरगं लई कष्ट करतंय." मुलगा मागे मान खाली घालून उभा होता. त्यास सूर कळला होता, आणि त्याने तो वडिलांस सांगितला नव्हता. अलंकारशास्त्रात यास व्याजस्तुती म्हणतात, हे मला पाठ होते. त्या गृहस्थास काय उत्तर द्यावे, हे मात्र सुचले नाही.

आता काही शांत सूर. ज्यांच्या पतीने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, अखेरची वर्षे साताऱ्यास काढली, त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. वियोगाचे, हालअपेष्टांचे प्रसंग सांगतानाही त्या स्वतःस हसतात. तेथे 'मिस्किल' हा शब्द बरोबर आहे. पण एकटा पुरत नाही, त्याशेजारी 'निष्कपट' लिहावे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) एक तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीची हकीकत सांगतो. दुष्काळाने वाडी ओस पडते, तरी लेखक आक्रोश करीत नाही. विद्यार्थी येथे 'तटस्थ' लिहितात. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. हा लेखक तर पाण्यात उतरलेला आहे, फक्त ओरडत नाही. त्याचा सूर संयत आहे व आत जिव्हाळा आहे. 'कोरडा' हा शब्द तर येथे अन्यायाचाच होईल. उलट वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'त (१९५९) त्वेष आहे. रागास ध्येय सापडले म्हणजे त्यास त्वेष म्हणावे. स्वतःपुरता उरला तर तो संताप.

उत्तर लिहिताना एका शब्दाने भागत नसेल तर दोन खुशाल योजा. मात्र सूर ज्यावरून कळला, तो उताऱ्यातील शब्द शेजारी अवश्य नोंदवा. नाहीतर तुम्ही ऐकले की अंदाज केला, हे परीक्षकास कसे कळावे? पालकांसही एक विनंती आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर वर्तमानपत्रातील एखादा लेख मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा आणि सहज विचारावे, "हा गृहस्थ खरोखर रागावला आहे, की रागावल्याचे सोंग करतो आहे? आणि तुला ते कोणत्या शब्दावरून कळले?"