संकेतस्थळ करून घेताना



उसाला जोड म्हणून आपल्यापैकी कोणी गुऱ्हाळ चालवतो, कोणी रोपवाटिका, तर कोणी ट्रॅक्टर दुरुस्ती. गिऱ्हाईक आता असा धंदा फोनवर शोधतं. तेव्हा संकेतस्थळ, म्हणजे वेबसाइट, करून घेताना काय पाहावे ते या पाठात समजून घेऊ.

पहिली गोष्ट मापाची. पाटाचं पाणी सरीच्या रुंदीप्रमाणे पसरतं, तसं पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसलं पाहिजे. यालाच रिस्पॉन्सिव्ह रचना म्हणतात. अमेरिकेतील ईथन मार्कोट यांनी ती २०१० साली मांडली. तीत रकान्यांची मापे टक्क्यांत धरतात, चित्रे रकान्याबाहेर जात नाहीत आणि पडदा अरुंद झाला की रकाने एकाखाली एक येतात. परीक्षा सोपी आहे. आपल्याच फोनवर पान उघडून बघा. बोटांनी मोठं न करता रोपांचा दर वाचता आला आणि नंबरावर बोट ठेवताच फोन लागला, तर काम चोख समजावे.

दुसरी गोष्ट मालकीची. जवळपासचा ओळखीचा कारागीर असला तर बरे. दर बदलला की त्याला लगेच सांगता येतं. पण संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, हे सातबाऱ्यासारखं आहे. ते स्वतःच्याच नावावर नोंदवा. कारागिराच्या नावावर राहिलं आणि उद्या तो गाव सोडून गेला, तर पावत्यांवर छापलेला पत्ता हातचा जाईल. नूतनीकरणाची मुदत चुकली, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

म्हणून काम देण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: नाव कोणाचं, वर्षाचा खर्च किती, दुरुस्ती कोण करणार.